बँकिंग, वित्त आणि संगणक यांची दुहेरी पदवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या अभ्यासक्रमाबद्दल विद्यार्थी आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रवेशाच्या तारखा, शुल्क, गुणांची अट या गोष्टी विद्यापीठागणिक बदलतात, त्या इथे सापडणार नाहीत. अभ्यासक्रम आतून कसा असतो, तो कुणाला झेपतो आणि कुणी त्याच्या वाटेला जाऊ नये, यावर भर आहे.

दुहेरी पदवी म्हणजे नेमकं काय? प्रमाणपत्रं दोन मिळतात की एक?

दोन. एक वाणिज्य किंवा वित्त शाखेची पदवी आणि दुसरी संगणकशास्त्राची. दोन्हींच्या अटी वेगवेगळ्या पूर्ण कराव्या लागतात, फक्त काही विषय दोन्हीकडे धरले जातात आणि त्यामुळे वेळ वाचतो.

हिच्यासारखीच दिसणारी आणखी नावं आहेत. संयुक्त पदवीत दोन संस्था मिळून एकच पदवी देतात. दोन मुख्य विषय असलेल्या पदवीत पदवी एकच असते, तिच्या पोटात दोन विषय सारख्या वजनाचे असतात. आणि एक मुख्य, एक गौण असा प्रकार तर जवळपास सगळीकडे असतो. जाहिरातींत ही नावं बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरतात. म्हणून माहितीपत्रकावरचं ठळक नाव बाजूला ठेवा आणि पदवी प्रदान करण्याचा नियम वाचा. हातात किती पदव्या पडणार आणि त्यांवर काय छापलेलं असणार, हे तिथेच कळतं.

किती वर्षं लागतात?

बहुधा चार ते पाच. युरोपातल्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीचा हिशेब घेतला तर पूर्णवेळ शिक्षणाचं एक वर्ष म्हणजे ६० श्रेयांक, आणि पदवी १८० किंवा २४० श्रेयांकांची. दोन पदव्या सुट्या केल्या तर किमान ३६० श्रेयांक, म्हणजे सहा वर्षं. संख्याशास्त्र, गणित, अर्थशास्त्राची ओळख, प्रकल्प असे विषय दोन्हीकडे मोजले गेले की वर्ष-दोन वर्षं कमी होतात.

कुणी तीन वर्षांत दोन्ही पदव्या देतो म्हणाला तर कोणते विषय गाळले, हे विचारा. बहुतेक वेळा गाळलेले विषय संगणकाच्या बाजूचे असतात: ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, अल्गोरिदम. मग ती संगणकाची पदवी नावापुरतीच उरते.

बँकिंग आणि वित्त हे दोन वेगळे विषय का? पैशाचंच आहे ना सगळं?

पैशाचंच आहे, पण प्रश्न वेगळे आहेत.

वित्त विचारतं: उद्या मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काय, आणि त्यातल्या अनिश्चिततेची किंमत काय? हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये गुंतवणुकीचा संच कसा निवडावा हे गणिताने मांडलं. १९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांचं ऑप्शनच्या (म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काच्या) किमतीचं सूत्र प्रसिद्ध झालं, आणि त्याच वर्षी शिकागोत ऑप्शनचा संघटित बाजार सुरू झाला. हा विषय समीकरणांच्या अंगाने जातो.

बँकिंग विचारतं: लोक हवं तेव्हा परत मागू शकतील असा पैसा घ्यायचा आणि वीस वर्षांच्या कर्जात घालायचा, हे जमवायचं कसं? इथे तरलता (मागितल्यावर रोख देता येणं), भांडवल, वसुली, नियामक आणि विश्वास हे शब्द दिवसभर कानावर पडतात. बँकांच्या भांडवलाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या १९८८ च्या पहिल्या बासल करारात जोखीम-भारित मालमत्तेच्या (जितकी जोखीम जास्त तितकं वजन देऊन मोजलेल्या कर्ज-गुंतवणुकीच्या) आठ टक्के भांडवल ठेवण्याची अट आली. पुढे २००४ आणि २०१० मध्ये ते नियम बदलत आणि वाढत गेले. ते का वाढले हे समजलं की विषय निम्मा समजला.

एक उदाहरण बँकिंगचा स्वभाव चांगला दाखवतं. २६ जून १९७४ रोजी जर्मन अधिकाऱ्यांनी हर्स्टाट ही बँक दिवसाचं कामकाज संपताना बंद केली. परकीय चलनाच्या व्यवहारांत तिला जर्मन मार्क मिळून गेले होते, पण न्यूयॉर्कमध्ये तेव्हा कुठे सकाळ होती आणि बदल्यात द्यायचे डॉलर निघालेच नव्हते. समोरच्या बँकांनी एक बाजू दिली होती आणि दुसरी मिळणार नव्हती. त्या जोखमीला आजही हर्स्टाट जोखीम म्हणतात. बँकांवरच्या देखरेखीसाठी बासल समिती स्थापन झाली ती त्याच वर्षाच्या अखेरीस, आणि दोन्ही चलनं एकाच वेळी हस्तांतरित करणारी सीएलएस ही यंत्रणा २००२ मध्ये सुरू झाली. चूक घडली, नियम आला, आणि अठ्ठावीस वर्षांनी संगणक प्रणाली आली. या अभ्यासक्रमातल्या बऱ्याच गोष्टींचा क्रम असाच असतो.

गणित कितपत लागतं?

शाळेत गणिताची भीती असेल तर आधी ती घालवा, मग अर्ज भरा. कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि संख्याशास्त्र हे चार स्तंभ दोन्ही पदव्यांना लागतात. संगणकाच्या बाजूला तर्कशास्त्र आणि संचांचं गणितही येतं.

यातली संभाव्यता सर्वांत कमी लेखली जाते. विद्यार्थी अवकलनाची उदाहरणं धडाधड सोडवतात, पण 'सरासरी तोटा कमी आहे' आणि 'मोठा तोटा कधीच होणार नाही' या दोन विधानांतला फरक त्यांना सांगता येत नाही. वर आलेले शोल्स आणि ऑप्शनच्या त्याच सूत्रावर काम केलेले रॉबर्ट मर्टन यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते दोघे ज्या फंडाचे भागीदार होते तो लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट पुढच्याच वर्षी कोसळला. सूत्रं त्यांना येत होती, यात शंका नाही. वाईट दिवस एकेकटे येतील की एकदम, हा प्रश्न सूत्राच्या बाहेर राहिला होता.

मला प्रोग्रामिंग अजिबात येत नाही. चालेल का?

चालेल. पहिल्या सत्रात शून्यापासून शिकवतात. फक्त वर्गात शाळेपासून कोड लिहिणारी मुलं असतील आणि पहिले तीन-चार महिने आपण फारच मागे आहोत असं वाटेल, याची तयारी ठेवा. दुसऱ्या वर्षापर्यंत ते अंतर बरंचसं मिटतं, कारण डेटाबेस आणि अल्गोरिदम त्यांनाही नवेच असतात.

भाषा कोणती, हा प्रश्न गरजेपेक्षा जास्त चर्चिला जातो. पायथन विश्लेषणासाठी, जावा बँकांच्या मोठ्या प्रणालींसाठी, सी प्लस प्लस वेगाने होणाऱ्या शेअर व्यवहारांसाठी, आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) सगळ्यांसाठी. एकच निवडायची वेळ आली तर मी एसक्यूएल नीट शिका म्हणेन. मिरवण्यासारखी नाही ती, पण पहिल्या नोकरीत रोज तीच लागते.

कोबोलची गंमत वेगळी. ही भाषा १९५९ मध्ये आकाराला येऊ लागली आणि जगातल्या अनेक बँकांच्या पोटात अजून तिचे प्रोग्राम चालतात. अभ्यासक्रमात ती क्वचित असते. नसली तरी बिघडत नाही, पण ती टिकली का, हे वाचण्यासारखं आहे. एक कारण असं की पैशाचा हिशेब ती दशमान पद्धतीने नेमका ठेवते. त्याबद्दल पुढच्याच उत्तरात.

दोन विषय खरंच कुठे एकमेकांना भेटतात, की सकाळी हिशेब आणि दुपारी कोड एवढंच?

माझ्या मते निवड करण्यापूर्वी हाच प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. म्हणून थोडं सविस्तर.

एक लाखाचं कर्ज घ्या. व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला एक टक्का. परतफेड १२ समान हप्त्यांत. वित्ताच्या तासाला शिकलेलं सूत्र सांगतं की हप्ता ८,८८४.८७८८… येतो. पण इतक्या दशांशांचा पैसा अस्तित्वात नाही, म्हणून हप्ता ८,८८४.८८ ठरतो. आता दर महिन्याचं व्याज दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करत, शिल्लक मुद्दल उतरवत खाली या. अकरा हप्ते झाल्यावर ८,७९६.८८ मुद्दल उरतं, त्यावरचं व्याज ८७.९७. म्हणजे शेवटचा हप्ता ८,८८४.८५ येतो, तीन पैसे कमी. सूत्र चुकलेलं नाही आणि कोडही चुकलेला नाही. पण हे तीन पैसे कुठे टाकायचे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवलं नाही, तर बाराव्या महिन्यानंतरही खातं बंद होत नाही, शिल्लक 'उणे तीन पैसे' दाखवत राहतं. अशी हजारो खाती झाली की कुणीतरी महिनाअखेरीला हाताने नोंदी घालत बसतं.

यात संगणकाची स्वतःची भर वेगळीच. बहुतेक भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली की उत्तर ०.३०००००००००००००००४ असं येतं, कारण संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि एक दशांश त्या पद्धतीत नेमका लिहिताच येत नाही. त्यामुळे पैशासाठी तरंगत्या बिंदूची (फ्लोटिंग पॉइंट) संख्या, म्हणजे द्विमान पद्धतीत साठवलेला असा अपूर्णांक, वापरायची नाही. पैसे पूर्णांकात मोजायचे किंवा दशमान प्रकार वापरायचा. हा नियम संगणकाच्या पुस्तकात एका ओळीत संपतो. तो मोडल्यावर काय होतं हे बघायचं तर व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक बघा. जानेवारी १९८२ मध्ये तो १००० वर सुरू झाला. प्रत्येक सौद्यानंतर नवं मूल्य काढताना तीन दशांशांपुढचे आकडे सरळ छाटले जात, पूर्णांकन होत नसे. बाजार बरा चाललेला असूनही निर्देशांक घसरत राहिला. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२५ च्या आसपास होता. दुरुस्त करून मोजल्यावर १०९८ च्या वर आला.

तिसरी जागा म्हणजे साधं पैसे पाठवणं. एका खात्याला नावे, दुसऱ्याला जमा. या दोन नोंदींच्या मध्ये वीज गेली तर? डेटाबेसच्या अभ्यासात याचं उत्तर आहे: दोन्ही नोंदी मिळून एकच व्यवहार, झाला तर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही. या विषयाचा पाया घालणाऱ्यांत जिम ग्रे यांचं नाव येतं. त्यांना १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातला मोठा सन्मान, मिळालं आणि प्रणालींचा वेग मोजायला त्यांनी जी चाचणी मांडली ती बँकेच्या नावे-जमेचीच होती. पण गोष्ट तिथे संपत नाही. व्यवहार पूर्ण झाला, उत्तर परत येताना नेटवर्क तुटलं, ग्राहकाने पुन्हा बटण दाबलं. आता? प्रत्येक सूचनेला वेगळा संदर्भ क्रमांक दिला नसेल, तर पैसे दोनदा जातात. आणि चूक झालीच तर नोंद पुसायची नाही, उलट नोंद घालायची. हा शहाणपणा संगणकाच्या आधीचा आहे. व्हेनिसमधली दुहेरी नोंद पद्धत लुका पाचिओली यांनी १४९४ मध्ये छापून मांडली तेव्हापासून खतावणी लिहिणाऱ्यांना तो माहीत आहे.

नुसता संगणकवाला इथे शिल्लक थेट बदलून मोकळा होतो. नुसता हिशेबवाला नेटवर्क तुटण्याचा विचारच करत नाही. दोन्ही शिकलेल्याला हे दोन्ही दिसतं, आणि दुहेरी पदवीचा उपयोग म्हणाल तर हाच.

एक्सेल नीट आलं तर संगणकाची पूर्ण पदवी कशाला?

एक्सेल यायलाच हवं, त्याला नाकं मुरडणाऱ्यांचं ऐकू नका. पण त्याच्या मर्यादेचा दाखला २०१२ मध्ये जे. पी. मॉर्गन या अमेरिकी बँकेच्या लंडन कार्यालयातल्या व्यवहारांनी दिला. तोटा ६ अब्ज डॉलरच्या वर गेला. नंतरच्या अंतर्गत चौकशीत कळलं की जोखीम मोजणारं नवं प्रारूप (मॉडेल) अनेक एक्सेल फायलींवर चालत होतं, आकडे एकीतून दुसरीत हाताने कॉपी-पेस्ट केले जात होते, आणि एका ठिकाणी सरासरीने भागायच्या जागी बेरजेने भागलं गेलं होतं. त्यामुळे चढउतार खऱ्यापेक्षा कमी दिसले. सगळा तोटा त्या एका सूत्रामुळे झाला असं नाही, पण धोका छोटा दिसायला त्याने मदत केली.

संगणकशास्त्रात चाचण्या लिहिणं, बदलांची नोंद ठेवणं, दुसऱ्याकडून कोड तपासून घेणं शिकवतात. हे शिकवताना फार कंटाळवाणं वाटतं.

आणि ही शिस्त सुटली की काय होतं, तेही बघा. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या अमेरिकी कंपनीने नवा कोड चढवला, तो आठपैकी सात सर्व्हरवर गेला. आठव्यावर जुना, वापरात नसलेला कोड होता, आणि नव्या कोडने वापरलेल्या खुणेने तो जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४४ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. त्या प्रसंगावर कोणत्याही वित्त-संगणक वर्गात एक तास सहज जातो.

कामाचा बोजा किती असतो?

जास्त. एका पदवीच्या विद्यार्थ्याला मोकळी मिळणारी निवडक विषयांची जागा तुमच्याकडे नसते, ती दुसऱ्या पदवीने भरलेली असते. आवडीचा तत्त्वज्ञानाचा किंवा भाषेचा विषय घ्यायचा म्हटलं तर वर्ष वाढवावं लागतं.

खरा त्रास विषयांच्या अवघडपणापेक्षा वेळापत्रकाचा असतो. दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत. वित्ताची सत्र परीक्षा आणि संगणकाचा प्रकल्प एकाच आठवड्यात येतात, आणि दोन्हीकडचे प्राध्यापक 'तुम्ही नियोजन करायला हवं होतं' म्हणतात. अभ्यासाची पद्धतही वेगळी लागते. हिशेब थोडा थोडा रोज केला तर बसतो. कोडला सलग तीन-चार तास हवेत, अर्ध्या तासाच्या तुकड्यांत तो होत नाही. ज्यांना हा फरक लवकर कळतो ते तरतात.

दोन्हींपैकी एकच विषय मनापासून आवडतो. दुसरा सहन करेन. घेऊ का?

नको. चार-पाच वर्षं सहन करणं फार मोठं आहे. संगणक आवडत असेल तर संगणकाची पदवी घ्या आणि लेखाकर्म व वित्त व्यवस्थापनाचे दोन-तीन विषय वरून घ्या. वित्त आवडत असेल तर एसक्यूएल, पायथन आणि संख्याशास्त्र शिका. बहुतेक नोकऱ्यांना तेवढं पुरतं.

दुहेरी पदवी त्यांच्यासाठी आहे ज्यांना ताळेबंद वाचताना 'हे आकडे आले कुठून' असं कुतूहल वाटतं आणि प्रोग्राम लिहिताना 'हे कुणाच्या पैशाचं आहे' असा प्रश्न पडतो. 'दोन पदव्या म्हणजे दुप्पट पगार' हे समीकरण पालकांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकू येतं. पगार कामाचा मिळतो, आणि काम एकच करता येतं.

आधी एक पदवी आणि मग दुसऱ्या विषयात पदव्युत्तर, हे बरं नाही का?

अनेकांसाठी बरं. अठराव्या वर्षी कुणाला कळतं काय आवडतं ते? संगणकाची पदवी करून वित्ताच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळणं तुलनेने सोपं जातं. उलट दिशा अवघड आहे, कारण संगणकाच्या चांगल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना डेटा स्ट्रक्चर्स आणि गणिताची पूर्वतयारी लागते. म्हणजे वित्ताकडे कल असलेल्या पण संगणकाचं दार उघडं ठेवू पाहणाऱ्याला दुहेरी पदवी जास्त फायद्याची.

नोकऱ्या कोणत्या मिळतात?

सर्वांना क्वांट, म्हणजे गणिती प्रारूपांवर गुंतवणुकीचे निर्णय बेतणारा, व्हायचं असतं. ते काम प्रत्यक्षात थोड्यांना मिळतं आणि तिथे गणित किंवा भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेल्यांशी स्पर्धा असते. दुहेरी पदवीधर जिथे खरे शोभतात त्या जागा कमी झगमगीत आहेत: बँकेच्या मूळ प्रणाली, पेमेंट, जोखीम मोजणारे विभाग, नियामकाला जाणारे अहवाल, फसवणूक शोधणं, प्रणालींचं लेखापरीक्षण.

पेमेंटचंच घ्या. आंतरबँक संदेशांसाठीची स्विफ्ट ही संस्था १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झाली. अलीकडच्या काळात जगभरचे संदेश जुन्या आखूड नमुन्यातून आयएसओ २००२२ या नव्या, जास्त तपशीलवार नमुन्यात हलवले गेले. ऐकायला हे रूक्ष आहे. पण पैसे पाठवणाऱ्याचं नाव कुठल्या रकान्यात जातं, पत्ता मोकळ्या मजकुरात लिहायचा की तुकडे करून, आणि जुन्या नमुन्यात न मावणारा तपशील मधल्या बँकेत गळला तर जबाबदार कोण, हे ठरवायला बँकिंग आणि डेटाची रचना दोन्ही कळणारा माणूस लागतो. असे लोक कमी आहेत.

सायबर सुरक्षा शिकवतात का?

शिकवायला हवी. गूढलेखन (माहिती सांकेतिक रूपात लपवणं) आणि नेटवर्क सुरक्षा संगणकाच्या बाजूने येते. बँकेच्या बाजूने यायला हवं ते म्हणजे कामकाजावरचं नियंत्रण: सूचना देणारा आणि मंजूर करणारा वेगळा, दिवसाअखेर ताळमेळ, सुट्टीच्या दिवशी लक्ष कोणाचं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढायचा प्रयत्न झाला, तेव्हा चोरांनी संगणकाइतकाच पंचांगाचाही अभ्यास केला होता. ढाक्यातली शुक्रवार-शनिवारची सुट्टी, न्यूयॉर्कची शनिवार-रविवारची, आणि मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. स्विफ्टचे संदेश आपोआप छापणारा प्रिंटर बंद पाडलेला होता. प्रिंटर बिघडणं ही कार्यालयातली इतकी नेहमीची गोष्ट की सुरुवातीला कुणाला शंका आली नाही. बहुतेक व्यवहार अडवले गेले, पण ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला पोहोचले. गूढलेखन तोडायची गरजच पडली नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर या पदवीला अर्थ उरेल का?

साधा कोड लिहिणं आणि ठरावीक अहवाल तयार करणं यातली कामं कमी होतील, हे मान्य करून चाला. पण बँकेत 'प्रारूप म्हणालं' हे कारण चालत नाही. अमेरिकेत कर्ज नाकारलं तर कारण सांगण्याचं बंधन पतसंधी समानतेच्या कायद्याने आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात माणसाची पत ठरवणाऱ्या प्रणाली उच्च जोखमीच्या गटात टाकल्या आहेत. प्रारूपाने नकार का दिला हे ग्राहकाला, लेखापरीक्षकाला आणि नियामकाला तीन वेगळ्या भाषांत समजावणारं माणूस लागणारच.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी काय घ्यावं?

कृपा करून शेअरचा उद्याचा भाव सांगणारं प्रारूप घेऊ नका. दर वर्षी कुणीतरी ते करतंच. आलेखात खऱ्या भावाची रेघ निळी, अंदाजाची लाल, दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या, आणि अचूकता ९८ टक्के. जरा मोठं करून बघितलं की लाल रेघ निळीच्या बरोबर एक दिवस मागे असते. प्रारूप फक्त 'उद्याचा भाव आजच्याइतकाच' एवढंच म्हणत असतं, आणि त्यावर सौदा करून दमडीही मिळत नाही.

बाजाराच्या जुन्या आकड्यांवर काम करायचंच असेल तर त्यातले सापळे हाच विषय घ्या. आज यादीत असलेल्याच कंपन्या घेतल्या तर बुडालेल्या कंपन्या आपोआप गळतात आणि परतावा फुगतो. तिमाहीचे निकाल तिमाही संपल्याच्या दिवशीच माहीत होते असं धरलं तर भविष्यातली माहिती भूतकाळात वापरली जाते. हे दाखवणारा छोटा, नेटका प्रकल्प मुलाखतीत जास्त बोलका ठरतो.

याहून चांगले विषय म्हणजे छोटी दुहेरी नोंदीची खतावणी, जिच्यात मुद्दाम नेटवर्क तोडून पाहिलं आहे. दोन बँकांच्या नोंदींचा आपोआप मेळ घालणारा प्रोग्राम. किंवा कर्जाचं असं वेळापत्रक जे मुदतीआधीची परतफेड, व्याजदरातला बदल आणि लीप वर्ष तिन्ही सांभाळतं. लीप वर्ष ऐकून हसाल, पण वर्षाचे दिवस ३६० धरायचे, ३६५ की प्रत्यक्ष, यावर बाजाराबाजारात वेगळे रिवाज आहेत आणि त्यावरून खरे पैसे इकडचे तिकडे होतात.

सीएफए, एफआरएम सोबत करावं का?

ही वित्त क्षेत्रातली व्यावसायिक प्रमाणपत्रं. पदवी चालू असताना दोन्ही नको. सीएफएच्या तीन पातळ्या आहेत, तो गुंतवणूक विश्लेषणाकडे नेतो. एफआरएम दोन भागांचा आहे आणि जोखीम व्यवस्थापनाकडे. या पदवीतल्या संख्याशास्त्राचा फायदा एफआरएमला जास्त होतो. पदवी झाल्यावर, नोकरी कुठल्या दिशेला जातेय ते बघून ठरवा. काही विद्यापीठांच्या अभ्यासक्रमाला या परीक्षांचा काही भाग जोडलेला असतो, तेवढं आधी पाहून ठेवा.

मध्येच झेपेनासं झालं तर?

बहुतेक ठिकाणी एका पदवीवर उतरता येतं. तीन गोष्टी लेखी विचारून ठेवा: किती काळापर्यंत उतरता येतं, तोवर पूर्ण झालेले दुसऱ्या बाजूचे विषय निवडक म्हणून धरले जातात का, आणि एका बाजूला नापास झाल्यावर दुसऱ्या बाजूची पदवी अडकते का. तिसऱ्याचं उत्तर काही ठिकाणी 'हो' असतं, आणि ते विद्यार्थ्याला शेवटच्या सत्रात कळतं.

दोन पदव्या दोन वेगळ्या देशांतल्या संस्था देत असतील तर?

मग प्रत्येक पदवी तिच्या देशात मान्य आहे का, आणि जिथे नोकरी करायची तिथे ती समकक्ष धरली जाते का, हे वेगवेगळं तपासा. एकीच्या मान्यतेवरून दुसरीची मान्यता गृहीत धरता येत नाही. लेखाकर्म आणि कर कायदे देशागणिक बदलतात, संगणकशास्त्र बदलत नाही. म्हणून वित्ताची बाजू जिथे काम करायचं तिथली असलेली बरी.

प्रवेशापूर्वी कॉलेजला भेट दिली तर काय विचारावं?

इमारत आणि प्रयोगशाळा सगळेच दाखवतात. दोन्ही विभागांचे प्राध्यापक मिळून शिकवतात असा एकतरी विषय आहे का, ते विचारा. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प एकत्र आहे की दोन सुटे, आणि एकत्र असेल तर गुण कोण देतं? दोन्हींच्या परीक्षांचं वेळापत्रक कोण जुळवतं, त्या माणसाचं नाव मागा. उत्तर 'विद्यार्थी बघून घेतात' असं आलं तर काय ते समजा. आणि शेवटच्या वर्षातल्या कुणा विद्यार्थ्याशी, शक्यतो प्राध्यापक समोर नसताना, दहा मिनिटं बोलायला मिळतील का, तेही विचारून बघा.